अमेरिकेतील स्पोर्ट्‌स कार रोड रेसिंग (१९६०चे दशक)

डावी-उजवी वळणे आणि चढउतार असलेल्या ट्रॅकवर, चाके झाकलेल्या दोन आसनी गाड्यांची शर्यत. त्या काळी अमेरिकेत मोटारशर्यत म्हटले की लोकांना आठवे ती अंडाकृती ट्रॅकवर फक्त डावीकडे वळत राहणारी शर्यत, म्हणजे इंडियानापोलिस किंवा नॅसकार. रोड रेसिंग हा युरोपीय चवीचा, खिसा गरम असलेल्यांचा छंद समजला जाई. या दशकात त्याचा धंदा झाला. हा बदल नव्या गाड्यांमुळे झाला असे सहसा सांगतात. खरे पाहता आधी बक्षिसाच्या रकमेचा प्रश्न सुटला आणि मग गाड्या बदलल्या.

या खेळाची सूत्रे स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, या १९४४ साली बॉस्टन येथे स्थापन झालेल्या संस्थेकडे होती. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन गावात १९४८ पासून चालू रस्त्यांवरच शर्यती होत. १९५२ साली तेथे एक लहान मूल गाडीखाली सापडून मरण पावले आणि गावातल्या रस्त्यांवरच्या शर्यतींचे दिवस भरले. मध्यंतरी काही वर्षे हवाई दलाच्या धावपट्ट्यांवर भागवले गेले. पुढे खास ट्रॅक उभे राहिले : विस्कॉन्सिनमधील सुमारे ६.५ किमी. लांबीचा रोड अमेरिका (१९५५), कनेटिकटमधील लाइम रॉक, कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड आणि लष्कराच्या फोर्ट ऑर्ड तळाच्या जमिनीवरचा लगुना सेका (तिन्ही १९५७). फ्लॉरिडातील सेब्रिंगची १२ तासांची शर्यत मात्र विमानतळाच्या काँक्रीटवरच राहिली.

एससीसीएने हौशीपणाचे सोवळे कडक पाळले. जिंकणाऱ्याला चषक मिळे, पैसे नाहीत. आणि पैसे घेऊन शर्यत करणाऱ्याला क्लबची दारे बंद. पण १९५८ मध्ये यूएसएसी या प्रतिस्पर्धी संघटनेने रोख बक्षिसांची मालिका सुरू केली आणि चांगले ड्रायव्हर तिकडे ओढले जाऊ लागले. शेवटी क्लबच नमला. १९६३ पासून त्याने युनायटेड स्टेट्‌स रोड रेसिंग चॅम्पियनशिप ही स्वतःची व्यावसायिक मालिका भरवली. पहिला विजेता बॉब होल्बर्ट, दुसऱ्या वर्षी जिम हॉल. १९६७ व १९६८ अशी शेवटची दोन्ही वर्षे मार्क डोनोह्यूची.

दशकाचा स्वभाव ओळखायचा तर झेरेक्स स्पेशल ही एकच गाडी पुरेशी आहे. १९६१च्या अमेरिकन ग्रां प्रीत वॉल्ट हान्सगेनच्या हातून मोडलेली कूपर फॉर्म्युला वन गाडी रॉजर पेन्स्के या तरुण ड्रायव्हरने विकत घेतली. तिच्यावर चाके झाकणारी बॉडी चढवली, ड्रायव्हरला मधोमधच ठेवले आणि नियमाला हवे म्हणून एका कडेला पत्र्याखाली नावापुरते दुसरे आसन बसवले. त्यावर कोणी बसेल हे शक्यच नव्हते. नाव दिले पुरस्कर्त्याच्या अँटिफ्रीझचे. हौशी क्लबांच्या जगाला हेही नवीनच होते. १९६२ साली पेन्स्केने रिव्हरसाइड आणि लगुना सेका या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. इतरांनी ओरड केली, आणि पुढच्या मोसमासाठी गाडीला खरोखरची दोन आसने करावी लागली. १९६४ मध्ये ती न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेनने घेतली, तिच्यात ओल्ड्समोबिलचे ॲल्युमिनियमचे व्ही-८ (आठ सिलिंडरांचे) इंजिन बसवले आणि कॅनडातील मॉसपोर्टची शर्यत जिंकली. मॅक्लारेनच्या स्पोर्ट्‌स गाड्यांची सुरुवात येथून धरता येते. पेन्स्केनेही त्याच वर्षाअखेरीस स्टिअरिंग सोडले. पुढे तो संघमालक झाला.

इंग्लंडची हलकी गाडी आणि अमेरिकेचे दणकट इंजिन ही जोडी या दशकात सर्वत्र दिसते. फ्रान्समधील २४ तासांच्या ल मांस शर्यतीचा १९५९चा विजेता, टेक्सासचा कॅरल शेल्बी याने एसी या इंग्लिश कंपनीच्या गाडीच्या सांगाड्यात फोर्डचे व्ही-८ बसवून १९६२ मध्ये कोब्रा तयार केली. पहिल्याच शर्यतीत, रिव्हरसाइडला, ती आघाडीवर असताना मागच्या चाकाकडचा भाग तुटला. पुढच्या जानेवारीत त्याच ट्रॅकवर कोब्रा पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या. उत्तरादाखल शेव्हरलेचा अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह याने कॉर्व्हेट ग्रँड स्पोर्ट आखली, पण शेव्हरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९६३च्या आरंभी शर्यतींत भाग घेण्यावर बंदी घातल्याने पाचच गाड्या झाल्या.

बंदी कागदावर होती. टेक्सासमधील मिडलंड येथे जिम हॉल आणि हॅप शार्प यांच्या शॅपरल गाड्यांना शेव्हरलेच्या संशोधन विभागाची मदत गुपचूप मिळत राहिली. हॉलच्या गाडीला क्लचचे पेडल नव्हते, त्यामुळे डावा पाय मोकळा. १९६६च्या शॅपरल २ईमध्ये त्या पायाला नवे काम मिळाले : मागे उंच खांबांवर बसवलेला पंख सरळ पट्ट्यात आडवा करण्याचे. पाय उचलला की पंख पुन्हा तिरका होई आणि वळणावर गाडी खाली दाबली जाई. खांब थेट चाकांच्या आधारांवर उभे असल्याने तो दाब टायरांवरच पडे. त्या वर्षी लगुना सेकाला फिल हिल आणि हॉल पहिले-दुसरे आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या कॅन-ॲम मालिकेतला शॅपरलचा हा एकमेव विजय. तरीही त्या काळच्या कोणत्याही गाडीपेक्षा पुढच्या पिढ्यांवर २ईचा प्रभाव अधिक आहे.

कॅन-ॲम, म्हणजे कॅनेडियन-अमेरिकन चॅलेंज कप, सप्टेंबर १९६६ मध्ये क्वेबेकमधील माँ-त्रांब्लां येथे सुरू झाला. त्यातल्या गाड्यांना लागू असलेल्या ‘ग्रुप ७’ या वर्गाच्या नियमांत इंजिनाला कमाल आणि वजनाला किमान मर्यादाच नव्हती. पहिल्या वर्षी लोला टी७० ही इंग्लिश गाडी घेऊन जॉन सर्टीज जिंकला. नंतर पाच वर्षे मॅक्लारेन संघाशिवाय कोणी विजेता झाला नाही. १९६९ मध्ये ११ पैकी ११ शर्यती त्यांच्याच. बंधने नव्हती, पण चुरसही नव्हती. १९६८ मध्ये लगुना सेकाला मुसळधार पाऊस झाला आणि जुनी गाडी, पण ओल्यात पकड धरणारे टायर असलेल्या जॉन कॅननने सर्वांना मागे टाकले. असे अपवाद थोडे.

चुरस हवी असणाऱ्यांनी ट्रान्स-ॲम पाहावी. १९६६ साली सुरू झालेली ही सेदान गाड्यांची मालिका याच ट्रॅकांवर, याच क्लबच्या छत्राखाली चाले. फोर्डची मस्टँग आणि शेव्हरलेची कॅमेरो यांच्या या लढाईत पेन्स्केच्या संघाने कॅमेरोचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे.

वेग वाढला तशी सुरक्षितता वाढली नाही. १९६६च्या सेब्रिंग शर्यतीत ड्रायव्हर बॉब मॅक्लीन आणि चार प्रेक्षक मरण पावले. त्याच वर्षी डेटोना आणि सेब्रिंग या फ्लॉरिडातील दोन्ही शर्यती जिंकलेला केन माइल्स ऑगस्टमध्ये रिव्हरसाइडला फोर्डच्या नव्या गाडीची चाचणी घेताना गेला.

हौशी शर्यती बंद पडल्या नाहीत. १९६३ मध्ये डॉना मे मिम्स ऑस्टिन-हीली स्प्राइट चालवून एससीसीएचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी पहिली स्त्री ठरली. मात्र हौशी आणि धंदेवाईक या दोन गटांची क्लबमधली ओढाताण मिटली नाही. व्यावसायिक मालिका ज्याच्या कारकिर्दीत वाढल्या तो कार्यकारी संचालक जॉन बिशप अखेर बाहेर पडला आणि नॅसकारच्या बिल फ्रान्सच्या साह्याने १९६९ मध्ये त्याने आयएमएसए ही नवी संघटना काढली.