छतातला सुटा ॲस्बेस्टॉस : कॅनबेरातील दोन सफायांची पार्श्वभूमी

घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहावे म्हणून छत आणि कौले यांच्यामधल्या पोकळीत सुटे उष्णतारोधक पसरण्याची पद्धत जुनी आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, 1968 ते 1979 या काळात ‘मिस्टर फ्लफी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायाने या कामासाठी कुस्करलेला कच्चा ॲस्बेस्टॉस वापरला आणि तो यंत्राने फुंकून हजाराहून अधिक घरांच्या छतांत भरला. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू निदान बांधलेले असतात. इथे मात्र ते पूर्ण मोकळे होते, आणि सगळी आपत्ती या एका फरकातून उद्भवली. हे तंतू श्वासातून फुप्फुसात गेल्यास मेसोथेलिओमासारखा कर्करोग अनेक दशकांनंतरही उद्भवू शकतो. धोक्याचा इशारा 1968 मध्येच सरकारी आरोग्य खात्यातून दिला गेला होता, तरीही काम आणखी अकरा वर्षे चालू राहिले, ही या इतिहासातली सर्वांत क्लेशदायक बाब आहे.

1980 च्या दशकाच्या अखेरीस संघराज्य सरकारने सफाई हाती घेतली आणि ती 1993 पर्यंत चालली. छतातील दिसणारा आणि हाताशी येणारा ॲस्बेस्टॉस काढून घेतला गेला, आणि घरे सुरक्षित झाली असे रहिवाशांनी मानले. त्यांचा हा विश्वास स्वाभाविकच होता. परंतु सुटा पदार्थ जिथे फट मिळेल तिथे शिरतो, त्यामुळे भिंतींच्या पोकळ्यांत आणि जमिनीखालच्या जागेत तंतू उरलेच होते. डाउनर उपनगरातील एक घर तर त्या सफाईतून पूर्णपणे सुटले होते. ते उलगडून तपासले गेले तेव्हा तंतू किती दूरवर पोहोचतात हे स्पष्ट झाले, आणि आधी साफ केलेल्या घरांविषयीही शंका निर्माण झाली.

2014 मध्ये यासाठी विशेष कृतिदल नेमण्यात आले. घरातला प्रत्येक तंतू काढणे व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष निघाल्याने बाधित घरे विकत घेऊन पाडण्याची योजना आखली गेली आणि संघराज्य सरकारने त्यासाठी 1 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे कर्ज दिले. पाडण्यापूर्वी प्रत्येक घरातून ॲस्बेस्टॉस काढला जाई आणि पाडल्यानंतर त्याखालची मातीही खरवडून हलवली जाई. दोन दशकांपूर्वी छत झाडून आटोपलेले मानलेले काम अशा रीतीने घराच्या पायापर्यंत जाऊन पोहोचले.