जुनी रशियन पुस्तकं सापडतात, त्यांचा आवाज कुठं गेला?

कोल्हापुरात रशियन शिकायचंय म्हणणाऱ्याला कारण विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर येतं, घरातलं कुणीतरी एमबीबीएसला तिकडं चाललंय. लेक्चर इंग्लिशमधे असली तरी वॉर्डातला पेशंट रशियनच बोलणार, तिथल्या म्हाताऱ्या बाईला पोट कुठं दुखतंय हे इंग्लिशमधे विचारून काय मिळणार. मग शोधाशोध सुरू होते. नवी पुस्तकं परदेशातून मागवायची तर महाग पडतात, पण जुनं, मॉस्कोत छापलेलं एखादं पुस्तक रद्दीच्या दुकानात नाहीतर कुणाच्यातरी काकांच्या कपाटात निघतंच. एखाद्यात सुरवातीलाच लिहिलेलं असतं की या कोर्ससोबत ग्रामोफोन रेकॉर्ड आहेत, आणि रेकॉर्ड मात्र कुठंच नसतात. असं का झालं ते समजायला जरा मागं जावं लागतं.

परदेशी भाषांमधे पुस्तकं काढायला मॉस्कोत १९३१ साली एक प्रकाशन संस्था सुरू झाली, तिची नावं बदलत गेली आणि १९६३ ला ती झाली प्रोग्रेस, म्हणजे आपल्याकडं मराठी पुस्तकांवर छापलेलं असायचं ते 'प्रगती प्रकाशन'. सायन्स आणि इंजिनिअरिंगला मीर, पुढं १९८२ ला साहित्य आणि मुलांच्या पुस्तकांना रादुगा. त्या पुस्तकांचा कागद, चित्रं आणि किंमत बघून आजही लोक हळहळतात. ती किंमत धंद्याच्या हिशोबानं ठरलेलीच नव्हती, सोव्हिएत सरकारला आपलं म्हणणं जगभर पोचवायचं होतं म्हणून ते तोटा सोसत होते, आणि भारताशी त्यांचा व्यापार रुपयात चालायचा त्यामुळं डॉलरचा प्रश्नच नव्हता. शेवटच्या पानावर वाचकांना विनंती असायची, पुस्तक कसं वाटलं ते झुबोव्स्की बुलेवारच्या पत्त्यावर कळवा, आणि लोक खरंच कळवायचे.

महाराष्ट्रात ही पुस्तकं मुख्यतः मुंबईच्या लोकवाङ्मय गृहातून पसरली. कोल्हापूरला ती येणं साहजिकच होतं, इथं शेकाप होता, लाल बावट्याच्या युनियन होत्या, कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांसारखी पुस्तिका लिहून त्या लोकांच्या हातात देणारी माणसं होती. शेजारच्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६१ ला रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते तर घराघरात वाचलं गेलं. पण सगळ्यांनाच काही क्रांतीचं पडलेलं नव्हतं हेही सांगायला पाहिजे, बऱ्याच जणांना नोकरी दिसत होती. १९५५ च्या जूनमधे नेहरू तिकडं गेले, वर्षाअखेरीला ख्रुश्चेव आणि बुल्गानिन इकडं आले, त्याच वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि मग रशियन मॅन्युअल वाचू शकणारा माणूस देशाला लागायला लागला. १९७१ च्या मैत्री करारानंतर तर अजूनच. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधे रशियन होतीच, आपल्या शिवाजी विद्यापीठातही परकीय भाषा विभागात ती शिकवली जाते.

आता खुद्द पाठ्यपुस्तकं. जुन्यात जुनं जे हाताला लागतं ते बहुधा नीना पोतापोव्हा यांचं, १९५० च्या दशकातलं, इंग्लिश वाचणाऱ्यांसाठी केलेलं. सरळ शाळामास्तरी वळणाचं, एक नियम, दहा वाक्यं, त्यावर उतारा. कंटाळवाणं आहे, पण एकटा बसून शिकणाऱ्याला चालतं कारण ते काहीच गृहीत धरत नाही. मग पुल्किना आणि झाखावा-नेक्रासोव्हा यांचं व्याकरण, ते मात्र सापडलं तर सोडू नका, विभक्त्या आणि क्रियापदांचं पूर्ण-अपूर्ण प्रकरण इतकं नीट मांडलेलं दुसरीकडं क्वचितच मिळेल. खरी मजा येते सेराफिमा खावरोनिना यांच्या संभाषणाच्या पुस्तकात. त्या मॉस्कोच्या लुमुंबा विद्यापीठात शिकवायच्या, म्हणजे १९६० ला खास आशिया-आफ्रिका-लॅटिन अमेरिकेतल्या पोरांसाठी काढलेलं विद्यापीठ, जिथं आपल्याकडची बरीच मुलं स्कॉलरशिपवर गेली आणि आधी तयारीच्या वर्गात बसून भाषा शिकली. अशा वर्गात शिकवणाऱ्या बाईला बरोबर माहीत असतं की परक्या मुलाला पहिल्या आठवड्यात काय बोलावं लागतं, दुकान, डॉक्टर, बस, पोस्ट, आणि ते त्या पुस्तकात दिसतं.

१९७० च्या दशकात चित्र बदललं. १९७४ ला 'रुस्की याझिक' नावाची वेगळी प्रकाशन संस्था निघाली, काम एकच, रशियन भाषेची पुस्तकं आणि कोश. मॉस्कोची पुश्किन इन्स्टिट्यूट १९७३ ला स्वतंत्र झाली, तिचे बरीच वर्षं प्रमुख असलेले कोस्तोमारोव्ह यांच्या संपादनाखाली 'सगळ्यांसाठी रशियन' हा मोठा कोर्स आला, त्याला १९७९ ला सोव्हिएत राज्य पुरस्कारही मिळाला. हे नुसतं पुस्तक नव्हतं, सेट होता. पाठ्यपुस्तक वेगळं, सराव वेगळा, आणि सोबत आवाज.

आणि गाडी इथंच अडली. तो आवाज रेकॉर्डवर होता. रेकॉर्ड काढायची ती सरकारी मेलोदिया कंपनी, १९६४ ची, आणि परदेशात पुस्तकं काय, रेकॉर्ड काय, दोन्ही विकायची मेझ्दुनारोदनाया क्निगा ही एकच सरकारी संस्था. म्हणजे कागदावर सगळं जमलेलं होतं. पण पुस्तक पोस्टानं येतं, प्रदर्शनात टेबलावर मांडता येतं, एकाकडनं दुसऱ्याकडं जातं. रेकॉर्ड वाकते, चरे पडतात, आणि ती लावायला घरात रेकॉर्ड प्लेयर पाहिजे, तो त्या काळात आपल्याकडं किती घरांत होता? 'परदेशातली रशियन भाषा' नावाचं शिक्षकांसाठीचं नियतकालिक १९६७ ला सुरू झालं, त्यात तर पातळ प्लास्टिकची, वाकेल अशी रेकॉर्ड घालून द्यायचे, ती किती टिकणार. लायब्ररीतही हेच, पुस्तकाला नंबर पडायचा, रेकॉर्ड कुणाच्या तरी टेबलाच्या ड्रॉवरमधे जायची आणि तिथंच राहायची.

कोल्हापूरसारख्या ठिकाणी आवाज पोचवायचं खरं काम केलं रेडिओनं. रेडिओ मॉस्कोचं परदेशी प्रसारण १९२९ पासनंचं, हिंदीतही कार्यक्रम असायचे, आणि रशियनचे धडे लागायचे. शॉर्टवेव्हवर खरखरीतनं ऐकायचं, पत्र टाकलं की पुस्तिका यायच्या. पण रेडिओचा धडा एकदा हवेत गेला की गेला, टेपरेकॉर्डर असलेल्यानं भरून ठेवला असेल तर नशीब. कॅसेट आल्या तोवर ८० चं दशक आलं, आणि १९९१ च्या डिसेंबरात देशच संपला. अनुदान बंद, रुपयातला व्यापार बंद, पुस्तकं यायची थांबली. मराठीत भाषांतरं करून घेणारा मॉस्कोतला सगळा कारभारही गुंडाळला गेला, याचं मला वैयक्तिक जास्त वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय.

गंमत पुढं आहे. आज नेटवर जुना रशियन ऑडिओ कोर्स शोधला तर फुकट आणि कायदेशीर असं जे हाताला लागतं त्यात मोठा भाग अमेरिकन सरकारचा आहे! ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडालं, अमेरिकेची झोप उडाली, आणि पुढच्याच वर्षी तिथं शिक्षणाचा एक कायदा आला ज्यात गणित-विज्ञानाबरोबर परकीय भाषांना पैसा मिळाला. कॉलेजांत लँग्वेज लॅब उभ्या राहिल्या, वाक्य ऐका, म्हणा, परत ऐका, ही टेपवरची घोकंपट्टी तिथं पद्धत म्हणून रुजली. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेची लष्करी भाषाशाळा सैनिकांना आणि परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट अधिकाऱ्यांना रशियन शिकवत होती, त्यांचे कोर्स टेपशिवाय चालूच शकत नव्हते. त्यामुळं टेप जपल्या गेल्या. आणि अमेरिकन संघराज्य सरकारनं स्वतः तयार केलेल्या कामावर तिकडं कॉपीराइट नसतो, म्हणून हौशी लोकांनी त्या डिजिटल करून खुल्या टाकल्या. लिंग्वाफोनसारख्या खाजगी कंपन्यांचे डबेही जुन्या बाजारात दिसतात, पण त्यातनं एखादी कॅसेट गायब असणार हे धरूनच चाला.

म्हणून कोल्हापुरातला आजचा शिकणारा मॉस्कोचं पुस्तक समोर उघडतो आणि कानात वॉशिंग्टनचा धडा लावतो, शीतयुद्धाची दोन्ही टोकं एकाच टेबलावर. चालतं का? व्याकरणाला चालतं, ते फारसं बदललेलं नाही. शब्दांना जपून. सामूहिक शेतीवरचे उतारे आणि लेनिनग्राडची सहल वाचायला भारी वाटते, पण त्या शहराचं नाव १९९१ लाच परत सेंट पीटर्सबर्ग झालंय, आणि वेटरला 'तोवारिश्', म्हणजे कॉम्रेड, म्हणून हाक मारली तर तो हसेल. आणि ही सगळी पुस्तकं इंग्लिश बोलणाऱ्याला समोर धरून लिहिलेली, तेव्हा तीन लिंगं म्हणजे काय हे समजावण्यात ती जी पानं घालवतात ती आपण बिनधास्त उलटायची, तो, ती, ते आपल्याला जन्मापासनं आहेत. विभक्तीचंही तसंच, घाबरायचं काम नाही. रशियनमधल्या मृदू आणि कठोर व्यंजनांचा फरक मात्र (आपल्या व्याकरणातली मृदू-कठोर नव्हेत, इथं मृदू म्हणजे जीभ टाळूकडं उचलून म्हटलेलं) कानानंच शिकावा लागतो, आणि आघात, म्हणजे उच्चारात जोर, नसलेला 'ओ' 'अ'सारखा कसा होतो तेही कागदावर वाचून जमत नाही. ऑडिओचा एवढा आटापिटा त्यासाठीच.

शोधताना लेखकाचं नाव रशियन लिपीत टाका, इंग्लिश स्पेलिंग प्रत्येक कॅटलॉगमधे वेगळं असतं. पुस्तकाआधी आवृत्तीचं वर्ष बघा. लोकप्रिय कोर्सच्या आवृत्त्यांमधे पाठ बदललेले असतात, त्यामुळं ऑडिओ एका आवृत्तीचा आणि पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं असं झालं तर पाचव्या पाठापासनं काहीच जुळत नाही. करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या लायब्ररीत विचारायचं असेल तर नुसतं 'रशियनची पुस्तकं' म्हणू नका, ते तुम्हाला कादंबऱ्या दाखवतील, लेखकाचं नाव आणि वर्ष कागदावर लिहून न्या आणि सोबत कॅसेट नाहीतर सीडी नोंदवलीये का तेही बघायला सांगा.