पहिली दुरुस्ती आणि कलम १०

कुणाला लिखाणाबद्दल शिक्षा झाली की वादात दोन दाखले हमखास येतात: अमेरिकी राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती आणि युरोपीय मानवी हक्क करारातलं कलम १०. दोन्ही एकच गोष्ट सांगतात असं धरूनच लोक भांडतात. प्रत्यक्षात न्यायाधीशांपुढचा प्रश्नच निराळा असतो.

१७९१ची पहिली दुरुस्ती सरकारला दटावते: भाषणस्वातंत्र्य आखडणारा कायदा करायचाच नाही. मजकुरात अपवाद नाहीत; जे आहेत ते न्यायालयांनी पुढे हात राखून मान्य केलेले. १९५०च्या करारातलं कलम १० आधी अभिव्यक्तीचा हक्क देतं आणि पुढच्याच परिच्छेदात जबाबदारीची आठवण करून देतं. निर्बंध कायद्यात हवा, ठरलेल्या हेतूंपैकी एखाद्यासाठी हवा आणि लोकशाही समाजात आवश्यक हवा. बहुतेक खटले या शेवटच्या अटीवर लढले जातात.

ओहायोतला ब्रँडनबर्ग हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेचा पुढारी. सभेत त्यानं सूडाची भाषा केली, शिक्षा झाली. १९६९मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. ताबडतोब बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू आणि ते घडण्याची शक्यता, दोन्ही असल्याशिवाय चिथावणीबद्दल शिक्षा देता येत नाही. विचार किती किळसवाणा, हे तिथं मोजलं जात नाही.

युरोपच्या बाजूनं बोलणारे ब्रिटिश प्रकाशक हँडिसाइडच्या खटल्यातल्या १९७६च्या निकालातलं वाक्य फेकतात: दुखावणाऱ्या, धक्का देणाऱ्या विचारांनाही संरक्षण आहे. हँडिसाइड तो खटला हरला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही! शाळकरी मुलांसाठीच्या त्याच्या पुस्तकात लैंगिक विषयांवरचा मजकूर होता. ब्रिटननं प्रती जप्त केल्या, दंड केला. नैतिकतेच्या बाबतीत प्रत्येक देशाला काही मोकळीक असते, म्हणून स्ट्रासबर्गच्या न्यायालयानं, म्हणजे हा करार राबवणाऱ्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं, ते चालवून घेतलं.

तिथला तराजू किती बारीक तोलतो ते १९९४च्या डेन्मार्कच्या खटल्यात दिसतं. पत्रकार येर्सिल्डनं वर्णद्वेषी तरुणांची मुलाखत टीव्हीवर दाखवली आणि त्यालाही दोषी ठरवण्यात आलं. स्ट्रासबर्गच्या न्यायालयानं १२ विरुद्ध ७ मतांनी पत्रकाराची बाजू घेतली, पण तरुणांच्या वक्तव्यांना कलम १०चं संरक्षण नाही असंही बजावलं. अमेरिकेत त्या तरुणांवरचा खटलाही बहुधा टिकला नसता.