‘लेस’ की ‘फ्यूअर’?

इंग्रजीत ‘कमी’साठी दोन शब्द आहेत, ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’. शाळेतला नियम सुटसुटीत आहे: ज्याचं अनेकवचन होतं त्याला ‘फ्यूअर’, होत नाही त्याला ‘लेस’. म्हणून ‘फ्यूअर कार्स’, पण ‘लेस ट्रॅफिक’. इथे वस्तू मोजता येते का, हे बघायचंच नसतं, नाम बघायचं. टेबल-खुर्च्या आपण एकेक करून सहज मोजतो, तरी ‘फर्निचर’ हे नाम इंग्रजीत अगणनीय, म्हणजे अनेकवचन न होणारं आहे, म्हणून ‘लेस फर्निचर’. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’ आणि ‘होमवर्क’चंही तसंच.

मला या नियमापेक्षा त्याचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो. नवव्या शतकात इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या लेखनातही मोजता येणाऱ्या शब्दांसाठी ‘लेस’ आढळतो. त्या काळच्या इंग्रजीत ‘लेस’नंतर नामाला षष्ठी लागे; रचना साधारण ‘शब्दांपैकी कमी’ अशी. पुढे विभक्तीचे प्रत्यय झडले आणि ‘लेस वर्ड्स’ उरलं. ही रचना अडाणीपणातून आलेली नाही, ती भाषेच्या वाढीतूनच आली आहे. १७७० मध्ये इंग्रज लेखक रॉबर्ट बेकर यांनी संख्येसाठी ‘फ्यूअर’ अधिक शोभतो, असं मत मांडलं. त्यांनी ते स्वतःची पसंती म्हणूनच लिहिलं होतं. नंतरच्या व्याकरणकारांनी त्याचा कायदा केला.

‘जास्त’च्या बाबतीत उलट घडलं. पूर्वी संख्येसाठी ‘मो’ आणि परिमाणासाठी ‘मोर’ असा भेद होता. ‘मो’ प्रमाण भाषेतून लोपला, आज दोन्हीकडे ‘मोर’ चालतो आणि त्या भेदावाचून कुणाचं काही अडत नाही.

तरीही औपचारिक लेखनात आणि परीक्षेत नियम पाळावा, असंच मी सांगेन. फक्त तो आंधळेपणाने लावू नये. अंतर, काळ आणि पैसा यांच्यापुढे आकडा असला तरी मनात एकसंध परिमाण असतं, म्हणून ‘लेस दॅन टेन माइल्स’ आणि ‘लेस दॅन थ्री वीक्स’ हेच स्वाभाविक. तसंच ‘वन लेस प्रॉब्लेम’. ‘प्रॉब्लेम’ गणनीय आहे, पण इथे एकवचनात आहे, आणि ‘फ्यूअर’ला अनेकवचन लागतं.