रुग्णाची घटनास्थळी प्राथमिक तपासणी

अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, विषबाधा, सर्पदंश अशा प्रसंगी रुग्णवाहिकेचे पथक घटनास्थळी आणि वाटेत रुग्णाची ठरावीक क्रमाने जी तपासणी करते, ती प्राथमिक तपासणी. पुढच्या काही मिनिटांत या माणसाचा जीव कशाने जाऊ शकतो, हे तिच्यात आधी शोधले जाते. नेमका रोग नंतर कळला तरी चालते. म्हणूनच तपासणी आणि उपचार इथे हातात हात घालून चालतात: दोष सापडला की तो तिथल्या तिथे आवरायचा, मगच पुढच्या पायरीवर जायचे.

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने १०८ क्रमांकाची सेवा करते. ती २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ताफा ९३७ रुग्णवाहिकांचा होता. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या होत्या. या गाड्यांवर चालकासोबत (याला सेवेत ‘पायलट’ म्हणतात) डॉक्टर असतो. गोव्यासह इतर अनेक राज्यांत ही जबाबदारी मुख्यतः प्रशिक्षित तंत्रज्ञ, म्हणजे ईएमटी, पार पाडतात. तपासणीचा क्रम मात्र सगळीकडे सारखाच आहे.

आजचा क्रम रूढ होण्यामागे एक दुर्घटना आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी मरण पावली, मुले जखमी झाली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मुलांना मिळालेली वागणूक पाहून, गंभीर जखमी आला तर आधी काय पाहायचे याची काहीच पद्धत नाही, हे त्यांना तीव्रतेने जाणवले. १९७८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह पहिला अभ्यासक्रम घेतला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. ‘एबीसीडीई’ हा त्याचा कणा: श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि अंग उघडून पाहणे.

त्याआधी पाहायची ती जागा. रस्त्यावरची वाहतूक, तुटलेली वीजवाहिनी, गॅसची गळती यांचा अंदाज घेतल्याशिवाय रुग्णाजवळ जायचे नसते. विहिरीत किंवा मैलाटाकीत विषारी वायूने एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि तिघेही जातात, असे प्रकार आपल्याकडे वारंवार घडतात. तिथे साधनांशिवाय न उतरणे हाही तपासणीचाच भाग आहे.

रुग्णाशी बोलूनच सुरुवात होते. “काका, काय झालं? नाव सांगा बरं तुमचं.” स्पष्ट उत्तर आले तर श्वासमार्ग मोकळा आहे, श्वास चालू आहे आणि मेंदूला रक्त मिळते आहे, हे एका दमात कळते. अपघातात अनेक जखमी असतील, तर ओरडणाऱ्याइतकेच, किंबहुना त्याच्याआधी, गप्प पडलेल्याकडे लक्ष जावे लागते. जमलेली गर्दी बहुधा ओरडणाऱ्याकडेच बोट दाखवते.

रक्त भळाभळा वाहत असेल, तर ते सर्वांत आधी थांबवतात: जखमेवर थेट दाब आणि हातापायातून रक्त थांबत नसेल तर टूर्निके, म्हणजे जखमेच्या वर घट्ट आवळायचा पट्टा. नंतर श्वासमार्ग. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडली आहे. गुरगुर म्हणजे घशात रक्त, उलटी किंवा लाळ साचली आहे. मानेला इजा झाल्याची शंका असेल तर डोके मागे न झुकवता फक्त जबडा पुढे उचलतात.

श्वसनाचा वेग मोजणे ही या तपासणीतली सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट आहे. प्रौढाचा विश्रांतीतला वेग मिनिटाला साधारण १२ ते २०. प्रकृती ढासळू लागली की बरेचदा रक्तदाबाआधी हा आकडा बदलतो. तो मोजायला यंत्र लागत नाही, छातीकडे अर्धा मिनिट पाहत राहावे लागते, आणि तेच टळते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर सगळे सोपवणे धोक्याचे आहे. बोटे गार पडली असतील तर तो चुकतो. बंद खोलीत शेगडीच्या धुराने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली असेल, तर रुग्ण गुदमरत असतानाही चांगला आकडा दाखवतो. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. प्रतिसाद नाही, नुसते आचके आहेत आणि १० सेकंदांत नाडी लागली नाही, तर तपासणी तिथेच थांबते आणि छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देणे सुरू होते.

रक्ताभिसरणासाठी मनगटाची नाडी, त्वचेचा रंग आणि स्पर्श पाहतात. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. धडधाकट तरुणाच्या शरीरातले जवळजवळ तीस टक्के रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो. म्हणून ‘बीपी नॉर्मल आहे’ या वाक्यापेक्षा गार, घामेजलेला हात आणि जलद नाडी जास्त खरे सांगतात. उलट, बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्या वृद्धाची नाडी रक्तस्रावातही वाढेलच असे नाही.

शुद्ध मोजायला ग्लासगो कोमा मापनश्रेणी वापरतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे कमाल १५ गुण, किमान ३. ८ किंवा कमी गुण असतील तर रुग्ण स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकेल याचा भरवसा नसतो. बुबुळांकडेही पाहतात: टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडाला फेस आणि अंगभर घाम दिसला की शेतीतल्या कीटकनाशकाची शंका घ्यायची आणि भिजलेले कपडे ताबडतोब उतरवायचे. असंबद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाची साखर तपासायचीच. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेला मधुमेही दारू प्यायल्यासारखा वागतो, आणि लोक त्याला तसाच पडू देतात. दारूचा वास आला तरी तपासणी कमी करायची नसते. प्यायलेल्या माणसाच्या डोक्यालाही मार लागलेला असू शकतो.

शेवटी कपडे बाजूला करून पाठीपासून पावलांपर्यंत पाहणे, आडोसा करून आणि लगेच पांघरूण घालून.

जीवावरचा धोका आवरल्यावर माहिती विचारतात: त्रास काय, कोणत्या औषधाची ॲलर्जी, चालू गोळ्या, जुने आजार, शेवटचे खाणेपिणे, घडले कसे. घरी ‘गोळ्यांची पिशवी आणा’ म्हटले की अर्धी माहिती हातात येते. “पित्त झालंय, सोडा घेतला की बरं वाटेल” असे म्हणणाऱ्या, घामाने डबडबलेल्या रुग्णाचा ईसीजी काढायलाच हवा; स्त्रिया आणि मधुमेहींना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखेलच असे नाही. पक्षाघातात विचारायचे ते ‘शेवटचे ठीक कधी पाहिले?’ सकाळी उठल्यावर तोंड वाकडे दिसले, तर वेळ रात्री झोपल्यापासून मोजतात, कारण गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो आणि त्याच्या पापण्या जड होत जातात, तेव्हा मण्यारीचा दंश आठवायला हवा. तिच्या दातांची खूण बहुधा दिसतही नाही. अशा रुग्णाच्या हातापायाला काही घट्ट बांधायचे नसते. तो अवयव मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर ठेवतात.

गंभीर रुग्णाचे हे सारे मोजमाप वाटेत दर पाच मिनिटांनी पुन्हा होते, स्थिर रुग्णाचे पंधरा मिनिटांनी. रुग्णालयाच्या दारात पथक तोंडी माहिती देते: काय घडले, काय सापडले, आकडे कसे बदलत गेले, कोणते उपचार दिले. टूर्निके बांधल्याची वेळ मात्र लिहूनच द्यावी लागते.