चिनी राजवाडा-मालिकांमागच्या खऱ्या राण्या

चीनच्या छिंग घराण्यातील (१६४४–१९१२) ज्या राण्या व उपराण्यांवर आजच्या राजवाडा-मालिका बेतलेल्या आहेत, त्यांच्याविषयीची ही नोंद. सर्वांत गाजलेल्या मालिका योंगचंग (राज्यकाल १७२२–३५) आणि छियानलोंग (१७३५–९६) या बापलेकांच्या अंतःपुरात घडतात. पात्रांचे दर्जे, बढत्यांची साले, माहेरचे कूळ हे बरेचसे दप्तरातून घेतलेले असते. स्वभाव, कारस्थाने आणि पाळण्यातली नावे मात्र पटकथाकारांची असतात. वंशावळीत व फर्मानांत स्त्रीची नोंद कुळावरून आणि बापाच्या नावावरून होई. त्यामुळे वेइ यिंगलुओ, रुयी, चन ह्वान अशी नायिकांची नावे कागदोपत्री सापडणार नाहीत. ‘लिंग’, ‘शी’, ‘रोंग’ ही बादशहाने बहाल केलेली बिरुदे होती.

मालिका नीट समजायची तर आधी उतरंड पाठ हवी. सम्राज्ञी एक, तिच्या खाली हुआंग-ग्वेइफेइ एक, ग्वेइफेइ दोन, फेइ चार, पिन सहा. त्याखालच्या ग्वेइरन, छांगचाय आणि दायिंग यांच्या संख्येला मर्यादा नव्हती. वार्षिक नेमणूक (तनखा) चांदीत मिळे: सम्राज्ञीला १,००० लियांग (एक लियांग म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम), मग क्रमाने ८००, ६००, ३००, २००, १००, ५० आणि दायिंगला ३०. दासींची संख्याही ठरलेली होती. सम्राज्ञीला १०, फेइ व पिन यांना प्रत्येकी ६, ग्वेइरनला ४, छांगचायला ३, दायिंगला २. कोणाची मर्जी होती आणि कोणाची उतरली, हे दप्तरात या आकड्यांवरूनच कळते. राग-लोभ कोणी लिहून ठेवत नसे.

राजवाड्यात येण्याच्या वाटा दोन होत्या. दर तीन वर्षांनी आठ ‘पताकां’मधील (मांचू लष्करी-सामाजिक विभागांतील) कुलीन मुलींची निवड होई, त्यांतून उपराण्या आणि राजपुत्रांच्या बायका ठरत. राजघराण्याच्या चाकरीतल्या बोओई कुटुंबांतील मुलींची निवड दर वर्षी होई आणि ती दासींसाठी असे. मालिकांत या दोन्ही निवडींची हमखास सरमिसळ होते.

२०१८ साली छियानलोंगच्या अंतःपुरावरच्या दोन मालिका एकाच उन्हाळ्यात आल्या. ‘यानशी महालाची कथा’ हिच्यात वेइ कुळातली मुलगी नायिका आणि नारा कुळातली सम्राज्ञी खलनायिका. ‘रुयी’ हिच्यात नेमके उलटे. बायका त्याच, सनावळी तीच. दोन्ही कथा उभ्या राहू शकतात, कारण दप्तर फक्त काय घडले ते सांगते, का घडले ते सांगत नाही.

नारा सम्राज्ञी (१७१८–६६) हिची हकीकत या साऱ्यांत सर्वांत चटका लावणारी आहे. पहिल्या सम्राज्ञीच्या निधनानंतर १७५० साली ती सम्राज्ञी झाली. १७६५ मध्ये छियानलोंगच्या चौथ्या दक्षिण दौऱ्यात ती त्याच्यासोबत हांगचौला होती. एका दिवशी सकाळच्या जेवणाच्या नोंदीत तिच्याकडे पदार्थ पाठवल्याचा उल्लेख आहे. संध्याकाळच्या नोंदीत तिचे नाव नाही. मधल्या काळात तिने स्वतःचे केस कापले होते. मांचू स्त्रीने केस कापायचे ते सुतकात. बादशहा आणि राजमाता हयात असताना असे करणे म्हणजे त्यांचे मरण चिंतण्यासारखे. तिला तातडीने पेइचिंगला परत पाठवले, पदाच्या सनदा काढून घेतल्या. पुढच्या वर्षी ती वारली तेव्हा तिच्याजवळ दोनच दासी उरल्या होत्या, म्हणजे दायिंगची नेमणूक. तिचे पद जाहीरपणे रद्द केलेले नव्हते, तरी अंत्यविधी हुआंग-ग्वेइफेइच्या दर्जाचा झाला, मरणोत्तर बिरुद दिले नाही, आणि तिची शवपेटी दुसऱ्या एका उपराणीच्या थडग्यात ठेवली गेली. केस का कापले, याचे कारण कोणत्याही कागदात नाही. मालिकांतील सगळा खटला याच कोऱ्या जागेवर रचलेला आहे. एका मालिकेत तिचे कूळ उला-नारा, तर दुसरीत होइफा-नारा दिसते, तो निष्काळजीपणा नव्हे. साधनांमध्येच हा मतभेद आहे.

वेइ कुळातली लिंग-फेइ (१७२७–७५) बोओई कुटुंबातली. १७४५ मध्ये ग्वेइरन आणि त्याच वर्षी पिन. १७६५ मध्ये, नारा सम्राज्ञीला परत धाडल्यावर काही महिन्यांतच, हुआंग-ग्वेइफेइ. छियानलोंगच्या एका कवितेवरील टिपेत तिला पहिल्या सम्राज्ञीने शिकवून तयार केल्याचे म्हटले आहे. दोन्ही मालिकांतील त्या दोघींच्या नात्याकडे पाहताना ही टीप लक्षात ठेवावी. हयातीत ती सम्राज्ञी झाली नाही. तिचा मुलगा, पुढचा ज्याछिंग बादशहा, १७९५ मध्ये वारस जाहीर झाला, तेव्हा तिला मरणोत्तर ते पद मिळाले. १९२८ साली सैनिकांनी छियानलोंगची समाधी लुटली. त्यानंतर पुनर्दफनासाठी गेलेल्यांना एका स्त्रीचा देह जवळजवळ अभंग सापडला. तो तिचाच मानला जातो.

पहिली सम्राज्ञी फुचा (१७१२–४८) दोन्ही मुलगे गमावून पूर्वेच्या दौऱ्यावरून परतताना दचौ येथे वारली. ती राहत होती तो छांगचुन महाल बादशहाने पुढे अनेक वर्षे तसाच जपून ठेवला.

२०११ च्या ‘चन ह्वान’मधील नायिकेला आधार न्योहुरू कुळातल्या स्त्रीचा, म्हणजे छियानलोंगच्या आईचा. मूळ कादंबरी एका काल्पनिक राजवंशात घडते. छिंग काळ मालिकेने जोडला. त्यामुळे सांधे निखळलेले दिसतात. मालिकेत ती योंगचंग गादीवर आल्यानंतर निवडीतून येते. प्रत्यक्षात तेव्हा तिचा मुलगा अकरा वर्षांचा होता. ह्वा-फेइ म्हणजे सेनापती न्यान गंगयाओची बहीण. मालिकेत भावाचा पाडाव तिला पाहावा लागतो आणि नंतर ती जीव देते. खरी न्यान उपराणी १७२५ च्या अखेरीस आजारात वारली, भावाला आत्महत्येचा हुकूम त्यानंतर काही दिवसांनी झाला. आणि मरणापूर्वी तिला बढतीच मिळाली होती. मालिकेतल्या दोन सम्राज्ञी-बहिणींमागे खरी स्त्री एकच, १७३१ साली वारलेली उला-नारा सम्राज्ञी.

‘सुगंधी उपराणी’ म्हणून रंगवली जाणारी छियानलोंगची रोंग-फेइ (१७३४–८८) आजच्या शिनच्यांगमधील (वायव्य चीन) खोजा या मुस्लिम धर्मगुरूंच्या घराण्यातली. १७६० मध्ये ती राजवाड्यात आली, १७६८ मध्ये फेइ झाली. राजमातेने तिला गळफास घ्यायला लावल्याची दंतकथा खोटी, कारण राजमाता १७७७ मध्येच वारली होती. शिनच्यांगमधल्या काशगर शहरात तिची म्हणून दाखवली जाणारी कबरही तिची नाही. १९७९ मध्ये छिंग घराण्याच्या पूर्व समाधिक्षेत्रातील तिचे थडगे तपासले, तेव्हा शवपेटीवर अरबी लिपीतील कुराणवचने आढळली.

तारखा पडताळताना तीन ठिकाणी घोळ होतो. चिनी साधनांत चांद्र महिने असतात, ते इंग्रजी महिन्यांपेक्षा साधारण महिनाभर मागे चालतात. वय जन्मतःच एक धरतात. नव्या बादशहाचे पहिले वर्ष पुढच्या नववर्षापासून मोजतात. योंगचंग १७२२ च्या डिसेंबरात गादीवर आला, तरी त्याचे पहिले वर्ष १७२३. वेशभूषेबाबत: प्रत्येक कानात तीन कर्णभूषणे हा मांचू रिवाज अस्सल आहे, पण डोक्यावरचा उंच, पंख्यासारखा पसरट साज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

छियानलोंगच्या राण्यांची थडगी हपेइ प्रांतात चुनह्वा येथील पूर्व समाधिक्षेत्रात आहेत. योंगचंगच्या राण्यांची यी परगण्यातील पश्चिम क्षेत्रात. न्योहुरू राजमातेची स्वतंत्र समाधीही तिथेच आहे.