घोड्याने कोणता पाय सैल सोडलाय?

'घोडा कधी बसत नाही, बसला की संपला' असं बेळगाव-निपाणी पट्ट्यात आजही खात्रीने सांगितलं जातं. त्यामुळे रायबाग-अथणीकडच्या माळावर मेंढपाळाचं तट्टू सकाळच्या उन्हात आडवं पसरलेलं दिसलं की फोनाफोनी सुरू होते. पण पुढचा पाय उचलून उभं राहिलेल्या, खरोखर दुखणाऱ्या जनावराजवळून माणसं निवांत निघून जातात. मोकळ्या तट्टांची पाहणी करणाऱ्या स्वयंसेवकांनी हा समज आधी सोडावा.

ही तट्टे बेवारस नसतात. ती मेंढपाळांची बिऱ्हाडं वाहतात आणि तळ पडला की चरायला सोडली जातात. म्हणून आधी मालकाला भेटावं. मग तीसेक पावलांवर, बाजूने, पाच मिनिटं नुसतं पाहत उभं राहावं. घोडा शिकार होणारा प्राणी आहे. अनोळखी माणूस जवळ आला की तो मान वर करतो, चारी पाय टेकतो आणि दुखणं लपवतो.

पाहायचं काय, ते पायांच्या रचनेत आहे. घोड्याचा मागचा खरा गुडघा कुशीलगत असतो. खाली मागे टोकदार दिसतो तो आपल्या घोट्याच्या जागचा सांधा. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन कडा असतात, त्यांतली आतली मोठी. पाय सरळ ताणला की गुडघ्याची वाटी आणि तिचा आतला अस्थिबंध (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) या कडेवर चढून बसतात. दाराची कडी कोयंड्यात पडावी तसा गुडघा अडकतो. नडगीच्या पुढून आणि मागून जाणाऱ्या दोन चिवट पट्ट्यांनी गुडघा आणि घोटा असे बांधलेले असतात की एक वाकल्याशिवाय दुसरा वाकत नाही. म्हणजे गुडघा अडकला की घोटाही ताठ. खुराच्या वरच्या सांध्याला मागून अस्थिबंध आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या) तोलून धरतात. मागचा एक पाय असा जवळपास स्नायू न शिणवता भार घेतो, दुसरा खुराच्या टोकावर टेकून सैल राहतो, आणि थोड्या वेळाने पाळी बदलते. घोडा उभ्याने डुलकी घेतो ती या बळावर.

ही कडी कधीकधी सुटत नाही. मग पाय मागे ताठ ताणलेला राहतो आणि खूर जमिनीवरून फरफटतो. मांडीचे स्नायू झडलेल्या, उपाशी किंवा कोवळ्या तट्टांत हे जास्त दिसतं. मालकाने हळूच चार पावलं मागे चालवलं की बहुधा सुटते. वारंवार होत असेल तर डॉक्टर हवा.

पुढच्या पायांना कंडरांचा आधार असतो, पण वाटीची कडी नसते. शरीराचा सुमारे 60 टक्के भार त्यांच्यावर पडतो आणि निरोगी घोडा तो दोन्हींवर सारखा ठेवतो. म्हणून मागचा पाय आळीपाळीने सैल सोडलेला असेल तर आराम समजावा. तोच एक पाय सतत उचललेला, किंवा पुढचा एक पाय पुढे टाकून ठेवलेला, तर दुखणं. पुढचे दोन्ही पाय पुढे आणि अंग मागे रेललेलं दिसलं तर खुराच्या आतल्या थराला सूज आल्याचा संशय घ्यावा. मक्याच्या राशीत तोंड घातल्यावर एक-दोन दिवसांत हे होतं, कारण न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो. अशा तट्टाला बळेच चालवू नये.

गाढ, स्वप्नांची झोप मात्र उभ्याने होत नाही, कारण तिच्यात स्नायू ढिले पडतात. त्यासाठी घोडा दिवसातून साधारण अर्धा तास आडवा होतोच. खानापूरच्या पावसाळ्यात कोरडी जागा मिळाली नाही, किंवा तट्टू कळपाविना एकटं पडलं, तर ते आडवं व्हायचं टाळतं आणि डुलकीत पुढच्या पायांवर कोसळतं. खुरावरच्या सांध्यांच्या पुढच्या बाजूला खपल्या दिसल्या की हे ओळखावं. आडवं झालेलं तट्टू हाकेसरशी कान हलवून उठलं तर ठीक. लोळत, घाम गाळत, वळून पोटाकडे पाहत असेल तर ती पोटदुखी आहे आणि वेळ दवडू नये.

लंगडण्यावर डाग देणं थांबलंच पाहिजे. भाजल्याने सांधा बरा होत नाही. उघड्या जखमेतून धनुर्वात मात्र शिरू शकतो, आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो.

जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या मदत क्रमांकावर फोन करताना कोणता पाय, कधीपासून, चरतंय का, लीद टाकली का, एवढं सांगावं. कुशीची हालचाल मोजून श्वासही सांगावेत. विश्रांतीत ते मिनिटाला 8 ते 16 असतात. नाकातून घट्ट पिवळा स्राव असेल तर हात लावू नये, कारण ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो. डॉक्टर येईपर्यंत सावली आणि पाणी द्यावं. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये.